‘एकवीस वेळा वाचा’ हा सल्ला मुलांच्या मुळावर येणारा आहे

दहावीच्या मुलांच्या पालकांमध्ये सध्या व्हॉट्सॲपवरून एक संदेश फिरतो आहे. मेंदू हा कॅमेरा असून डोळ्यांसमोरून गेलेले सर्व काही त्यात कायमचे नोंदले जाते; धडा एकवीस वेळा वाचला की तो आयुष्यभर विसरत नाही; परीक्षेच्या दिवसांत चार तासांची झोप पुरे; भिजवलेल्या बदामांनी स्मरणशक्ती दुप्पट होते; आणि एवढे करूनही मूल ‘आठवत नाही’ म्हणत असेल तर ते खोटे बोलते किंवा आळस करते, असे त्यात ठामपणे लिहिले आहे. फोंड्याला माझ्या बहिणीने हा संदेश खरा मानला आणि भाचीचे वेळापत्रक त्याबरहुकूम आखले. पहाटे उठून तीच पाने पुन्हा पुन्हा वाचणारी आणि चाचणीत उत्तर सुचले नाही म्हणून बोलणी खाणारी मुलगी पाहिल्यावर मला गप्प बसवत नाही.

कॅमेऱ्याची गोष्ट थोडक्यात निकालात काढता येते. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची चित्रफीत दाखवली. ज्यांना प्रश्न विचारताना गाड्या एकमेकींवर ‘आदळल्या’ अशा अर्थाचा जोरकस शब्द वापरला, त्यांच्यापैकी ३२ टक्के जणांनी आठवड्याने फुटलेली काच पाहिल्याचे सांगितले. सौम्य शब्द ऐकलेल्यांत हे प्रमाण १४ टक्के होते. चित्रफितीत फुटलेली काच नव्हतीच. आठवताना मेंदू साठवलेले धागे आणि नंतर कानावर आलेली माहिती जुळवून घटना नव्याने उभी करतो, म्हणूनच असे घडते.

खरा घातक मुद्दा एकवीस वाचनांचा आहे, कारण मुलांचे तास त्यातच वाया जातात. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांचा २००६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास प्रत्येक पालकाने समजून घ्यावा असा आहे. त्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. एका गटाने चारही सत्रांत उतारा फक्त वाचला आणि सरासरी १४ वाचने केली. दुसऱ्या गटाने एकाच सत्रात तीन-चारदा वाचून पुढच्या तिन्ही सत्रांत उतारा समोर न ठेवता आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारा गट सरस ठरला, आणि एवढ्यापुरते संदेश लिहिणाऱ्याचे म्हणणे मान्य करावे लागते. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना उताऱ्यातील सुमारे ४० टक्के मजकूर आठवला, तर आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. तरीही आपल्याला पुढे सर्वांत जास्त आठवेल असा विश्वास वाचणाऱ्या गटालाच होता. वाचून वाचून मजकूर ओळखीचा होतो आणि ती ओळख म्हणजेच पाठांतर, असा भास मुलाला आणि शेजारी बसलेल्या आईलाही होतो. प्रश्नपत्रिका हाती आल्यावर मात्र पुस्तक समोर नसते.

आपल्या गोव्यात हे वेगळे सांगावे लागू नये. गावोगावच्या जत्रांना मराठी नाटके उभी करणारे हौशी नट नुसती संहिता वाचून रंगमंचावर जात नाहीत; तालमीत संहिता बाजूला ठेवून वाक्य आठवायचे, अडले तर विंगेतून पहिला शब्द घ्यायचा आणि पुढे जायचे, याच मार्गाने लांबच लांब संवाद त्यांच्या तोंडी बसतात.

झोपेविषयीचा सल्ला तर उलटाच आहे. दिवसा शिकलेले रात्रीच्या झोपेत पक्के होत जाते; झोपेनंतर विसरणे कमी होते हे जेंकिन्स आणि डॅलनबाख यांनी १९२४ मध्येच दाखवले होते. बदाम हे चांगले खाणे आहे, ते जरूर खावे. स्मरणशक्ती दुप्पट होण्याला मात्र कसलाही आधार नाही.

राहिला खोटे बोलण्याचा आरोप, आणि तो मला सर्वांत क्रूर वाटतो. साठवलेली गोष्ट ऐन वेळी हाती न लागणे हा स्मरणाचा नेहमीचा व्यवहार आहे. जिभेवर आलेले नाव न सुचणे प्रत्येकाने अनुभवले आहे. शिवाय ताणाच्या वेळी वाढणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक आठवण्याच्या क्रियेतच अडथळा आणते, त्यामुळे रागावून विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मुलाला येत असूनही सुचेनासे होण्याची शक्यता वाढते. ‘आठवत नाही’ असे मुलीने सांगितले तर त्यावर विश्वास ठेवावा, उत्तराचा एखादा धागा सुचवावा, तरीही जमले नाही तर पुस्तक उघडून एकत्र पाहावे आणि दोन दिवसांनी तोच प्रश्न पुस्तक मिटून पुन्हा विचारावा. तेव्हाही जे मुद्दे निसटतील, वाचनाचा वेळ त्यांनाच द्यावा.