आवाज डायनामोचा, बिल बॅटरीचं

बॅटरी बदला. बास, एवढंच येतंय ह्या गॅरेजवाल्यांना! गाडी घरघरतीय म्हणून सांगायला जावं तर बॉनेट उघडायच्या आधीच निकाल तयार. अरे बाबा, बॅटरी कधीपासून आवाज करायला लागली? तिच्यात फिरतंय काय?

दुसऱ्या गॅरेजवाल्यानं इंजिनावरचा, डायनामो फिरवणारा पट्टा बदलला. का, तर 'साहेब, पट्टाच ओरडतोय.' पट्टा ओरडतो तो सकाळी थंड गाडी सुरू केल्यावर, नाहीतर एसी-हेडलाइट लावले की. घसरतो म्हणून किंचाळतो. फिरत्या पट्ट्यावर लांबूनच थोडं पाणी उडवलं आणि आवाज बदलला, तर पट्ट्यावर संशय घ्या. माझ्या गाडीची घरघर रेस दिली की वाढते, लाइट लावा नाहीतर बंद करा, तिला काही फरक नाही. हे मी सांगतोय, आणि हा पठ्ठ्या मावा चघळत फोनवर बोलतोय!

तिसऱ्यानं तर कहर केला. चालू गाडीत बॅटरीची वायर काढायला निघाला. 'गाडी बंद पडली न्हाई तर डायनामो चांगला.' डायनामो म्हणजे चालत्या गाडीत बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर. ओ भावा, ही जुनी अॅम्बॅसेडर नाही! चालत्या डायनामोवरची बॅटरी काढली की व्होल्टेज उसळतं, डायनामोतले डायोड जाऊ शकतात, ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, जाऊ शकतो. तो भरून कोण देणार, तुझा मामा? हात धरून थांबवला. मग त्यानं मीटर लावला: गाडी बंद असताना 12.6 व्होल्ट, चालू केल्यावर 14.2. 'बघा, चार्जिंग एक नंबर. डायनामोला काय झालं न्हाई.' चार्जिंग चांगलं म्हणजे डायनामो ज्यावर फिरतो ते बेरिंग चांगलं, हे कुठल्या शाळेत शिकवतात? बेरिंग पार खुळखुळा झालं तरी मीटर 14 दाखवतो.

पट्टा उतरवा, गाडी काही सेकंद चालू करा. जास्त वेळ नको, बऱ्याच गाड्यांत पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर असतो. घरघर गेली? मग गाडी बंद करून डायनामो, पट्टा ताणून धरणारा टेन्शनर, पंप, एकेक पुली हातानं फिरवा. खरखरतंय ते सापडलं. इतकंच काम आहे! पण त्यात कमाई नाही ना.

आणि हे कोल्हापुरात! उद्यमनगरात लेथवर आयुष्य काढलेली माणसं नुसत्या आवाजावरनं सांगतात कुठलं बेरिंग गेलंय. शिरोली, गोकुळ शिरगावला इंजिनाचं कास्टिंग ओततात. त्याच गावात गाडीचा आवाज ऐकायला कुणाला कान नाही, 'चालतंय की ओ, काय होत न्हाई' म्हणायला तोंड मात्र आहे. उद्या गगनबावड्याच्या घाटात भर पावसात ते बेरिंग जाम होऊन पट्टा तुटला, तर हा येणार आहे का टॉर्च घेऊन?

शेवटचा सल्ला काय, तर 'अख्खा डायनामोच नवा टाका.' बेरिंग काही शे रुपयांचं, डायनामो हजारांत. डायनामो खोलून नुसतं बेरिंग बदलून देणारा वायरमन कुणाला माहीत असेल तर पत्ता द्या. बॅटरी विकणारा नको.