गेले का हो पाहुणे?

नोव्हेंबरात पक्ष्यांचं कौतुक करणं सोपं असतं. ५ तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ला सालिम अलींचा, म्हणून तो आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह. हवा गार, शाळांच्या सहली, व्याख्यानं, फलक. हिवाळ्यापुरते उत्तरेकडून आलेले हेच पाहुणे पक्षी मार्च-एप्रिलमध्ये परत निघतात तेव्हा त्यांना वेशीपर्यंत सोडायला कुत्रंही फिरकत नाही. ऊन असतं, परीक्षा असतात, लग्नं असतात, आणि आंबे असतात.

मी निरोपाच्या खात्यातला माणूस आहे: कुठला पाहुणा शेवटचा कधी दिसला, ते लिहून ठेवतो. हे खातं फार वाईट. पहिली तारीख लिहायला काही लागत नाही: धोबी, म्हणजे तो शेपटी वरखाली करत चालणारा छोटा पक्षी, दिसला, लिहिलं. शेवटची तारीख शेवटची आहे हे मात्र त्या दिवशी कळत नाही. त्यासाठी पुढचे चार रविवार जाऊन धोबी न दिसणं पाहावं लागतं. पहाटे साडेचारचा गजर लावून, थर्मास भरून, धोबी नाही हे बघायला निघालेल्या माणसाकडे घरचे ज्या नजरेनं बघतात, तिची नोंद कुठल्याच यादीत नाही.

त्यातून कपड्यांचा छळ. काळ्या शेपटीचा पाणटिवळा, ज्याला सगळे गॉडविट म्हणतात, हिवाळाभर उजनी धरणाच्या काठच्या चिखलात चिखलाच्याच रंगाचा होऊन उभा असतो. मार्च संपताना मान आणि छाती विटकरी व्हायला लागते, पाठीवर जुनी राखी पिसं तशीच. अर्ध्या भिंती रंगवून कंत्राटदार पळालेला वाडा दिसतो तसा. पूर्ण रंगेपर्यंत थांबेल म्हणावं, तर तो निघालेला असतो. बस्ता बारामतीजवळ बांधायचा आणि लग्न सैबेरियात.

पिवळ्या धोब्यांचंही तेच. हिवाळ्यात सगळे एकाच मळकट धुलाईतले. एप्रिलमध्ये नरांची डोकी उघडी पडतात: कुणाचं राखी, कुणाचं काळंभोर, कुणाचं फिकट करडं आणि वर ठसठशीत पांढरी भुवई. या पिवळ्या धोब्याच्याच उपजाती. सबंध डोकं लिंबासारखं पिवळं आणि मानेमागे काळी पट्टी असेल तर तो सिट्रीन धोबी, ती जात वेगळी. म्हणजे ज्या महिन्यात ओळख पटते त्याच महिन्यात पक्षी गावाला जातो.

आता प्रत्यक्ष मोहीम. उजनीच्या पाण्याकाठचं भिगवण पुण्याहून शंभरेक किलोमीटर. कुंभारगाव किंवा डिकसळला साडेसहाला होडीत बसलेलं असावं, सूर्य पाठीशी राहील अशा बाजूनं जायला नावाड्याला आधीच सांगावं. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरतं, चिखल उघडा पडतो, म्हणून रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, तेव्हा चांगले दिसतात. त्याच कारणानं होडीही रुतते. साडेनऊनंतर चिखलावरून गरम हवा थरथरायला लागते. तेव्हा स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिकाटण्यावरची एका डोळ्याची दुर्बीण, ६० पटीवर नेला तर पक्षी मोठा होत नाही, त्याची उकड होते. २५-३०वर ठेवावा. तरीही उकडलाच तर दुकान बंद करून पोहे खावेत.

मुंबईकरांचा प्रश्न वेगळा. ठाणे खाडीला पूर्ण भरतीला चिखल पाण्याखाली, पक्षी दुसरीकडे. पूर्ण ओहोटीला चिखल क्षितिजापर्यंत, पक्षी मुंग्यांएवढे. मधले एक-दोन तास कामाचे. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणजे सात दिवसांत जवळजवळ सहा तास. गेल्या रविवारी ज्या वेळी भरती होती, त्याच वेळी या रविवारी ओहोटी. तरी माणसं गेल्या रविवारची वेळ वॉट्सअ‍ॅपवर पुढे ढकलतात आणि दहा जणांना चिखल दाखवून आणतात.

दुर्बीण ८ बाय ४२, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची, पुरते. १० पटीत पक्ष्यापेक्षा आपल्या हाताचा कंप जास्त दिसतो. बहुतेक दुर्बिणींत उजव्या डोळ्यापाशी एक कडं असतं. उजवा डोळा मिटून मधल्या चाकानं डाव्याला स्पष्ट करायचं, मग डावा मिटून फक्त त्या कड्यानं उजव्याला. एकदा जमलं की कड्याला हात नाही. पण दुर्बीण ‘जरा बघू’ म्हणून फिरून येते, कडं कुणीतरी पिळलेलं असतं, आणि आपण सकाळभर मोतीबिंदूची शंका घेत बसतो.

सर्वांत अवघड भाग पक्षी नाही, दुसऱ्याला दाखवणं.

“कुठंय?”

“त्या बाभळीवर.”

“कुठल्या बाभळीवर, काका?”

“अहो, ती हिरवी.”

समोर दोनशे बाभळी, सगळ्या हिरव्या. म्हणून झाडाचं घड्याळ करावं: शेंडा बारा वाजता, मग “डावीकडून तिसरी बाभूळ, दोन वाजता, वाळक्या फांदीच्या टोकाला”. एवढं बोलून होईपर्यंत वटवट्या, तो पानांत लपणारा चिमुकला पक्षी, पाच वाजता गेलेला असतो.

वटवट्यांबद्दल मी शक्यतो बोलत नाही. हिरवट पर्णवटवट्या निदान ‘चिस्वी’ असं दोन तुकड्यांत ओरडून पत्ता देतो. झुडपातले तपकिरी मात्र पुरता अंत पाहतात. त्यांतल्या एकाला कंपनी सरकारच्या फौजेतल्या कर्नल साइक्सचं नाव आहे. दख्खनच्या पक्ष्यांची यादी त्यानं १८३२मध्ये छापली, त्यात या वटवट्याला ‘रामा’ असं शास्त्रीय नाव दिलं. त्या काळी पक्षी बंदुकीनं ओळखत. हातात धरलेला पक्षी फांदी बदलत नाही, ही सोय आम्हाला नाही. मोबाइलवर आवाज ओळखणारं अ‍ॅप आहे, पण निदान अर्धा मिनिट तोंड बंद ठेवावं लागतं, आणि गटात ते कुणालाच जमत नाही.

भोरड्या, म्हणजे थव्यानं येणाऱ्या गुलाबी मैना, मोजायच्या तर पळस-पांगाऱ्याखाली उभं राहू नये, टोपी धुवावी लागते. फुलांतून डोकं काढलेली भोरडी परागानं माखून हळदीची नवरी झालेली असते, ते लांबूनही दिसतं. संध्याकाळी थवा उतरताना आधी दहा मोजायचे, दहाची जागा डोळ्यात बसवायची, मग तसे दहा ठोकळे म्हणजे शंभर. मोठा थवा माणूस नेहमी कमीच मोजतो. आणि उडतानाचा फोटो हवा म्हणून थव्यात दगड मारणाऱ्याला होडीतून उतरवावं असं माझं मत आहे, मधल्या पाण्यात. लांबच्या प्रवासासाठी पक्षी अंगावर चरबी साठवत असतो. प्रत्येक फुकटची भरारी त्या शिदोरीतून जाते.

ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर शून्य लिहायची सोय नाही. वेळ, अंतर टाकायचं, ओळखू आलेला प्रत्येक पक्षी लिहायचा, कावळा आणि साळुंकीसकट, आणि यादी पूर्ण आहे असं सांगायचं. मग जो यादीत नाही तो दिसला नाही असा अर्थ निघतो. म्हणजे मेमध्ये, पारा चाळिशीवर गेलेला असताना, तीन किलोमीटर तळ्याकाठी चालायचं आणि एकोणतीस कावळे लिहायचे. धोबी नाही. कालवा, नाही. पंपघर, नाही. आता शेवटची तारीख पक्की म्हणून मोबाइल खिशात ठेवावा, तर बांधावर शेपटी वरखाली होते. धावत जाऊन कडं पुन्हा जुळवून बघावं, तर पांढऱ्या भुवयांचा मोठा काळा-पांढरा धोबी. तो इथलाच. बारा महिने इथंच असतो.