मासे वर आले म्हणजे खत लागू पडलं म्हणे!

ऐन नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, सकाळी सव्वासहाला मावशीचा फोन. नागपुरात नंदनवनला तिच्या गच्चीवर 500 लिटरचं सिमेंटचं टाकं आहे. त्यात कमळाचा एक टब आणि सहा गोल्डफिश.

"पाह्य न, मासे कसे खुश आहेत. सारेच्या सारे वर येऊन राहिले. खत लागू पडलं वाटते."

"कोणतं खत?" मी उठूनच बसले.

"तेच, ग्रुपवर आलं होतं ते."

व्हिडिओ कॉल लावायला सांगितलं. सहाही मासे टाक्याच्या कडेला गोळा झालेले, तोंडं पाण्याबाहेर, भराभर उघडझाप चाललेली. कल्ले फाकलेले, शेपट्या जवळपास थांबलेल्या. मावशी, म्हटलं, यांचा श्वास कोंडला आहे. मानेवाड्याहून मी पोचेपर्यंत एक गेला होता, दुपारी दुसरा गेला.

आता तो फॉरवर्ड. तुमच्याही घरच्या ग्रुपवर आला असेल, कारण माझ्याकडे तो त्या आठवड्यात तीन ठिकाणांहून आला. "कमळ फुलत नाही? हे करा" असं शीर्षक आणि खाली गुलाबी कमळाचा फोटो. मजकूर असा: टाक्यात मूठभर युरिया टाका, मासे असले तरी चालतं, मत्स्यशेतीवाले टाकतातच. तीन दिवसांनी मासे वर आले तर समजा खत लागू पडलं. पानं पिवळी असतील तर गंजलेले खिळे फडक्यात बांधून सोडा. दोन चमचे एप्सम सॉल्ट घाला. शेवाळ आलं तर चिमूटभर मोरचूद. शेवटी अर्थातच, "शंभर टक्के सुरक्षित".

सगळ्यात संताप आणणारं वाक्य दुसरं, म्हणून आधी तेच. बाकीचा मूर्खपणा निदान निस्तरता येतो. हे वाक्य मात्र धोक्याची खूण दिसली की टाळ्या वाजवायला सांगतं. मासे पाण्याच्या वरच्या थराशी येऊन तोंड उघडतात ते दोन कारणांनी: पाण्यात प्राणवायू कमी पडला म्हणून, किंवा कल्ले भाजल्यासारखे झाल्यामुळे असलेला प्राणवायूही घेता येत नाही म्हणून. वरच्या पातळ थरात हवा जरा जास्त मिसळलेली असते, तिथे ते तगून राहायला बघतात. अशा वेळी हातात तास-दोन तास असतात. मावशीने ते फोटो काढण्यात घालवले. तिचा काय दोष? तिला तसंच सांगितलं होतं.

आणि "तीन दिवसांनी" हे कुठून आलं, तेही बघा. युरिया पाण्यात पडला त्या दिवशी माशांना फारसं काही होत नाही. युरिया स्वतः तितका जहाल नाही. टाक्याच्या भिंतींवर आणि चिखलात जे जिवाणू असतात, ते त्याचा हळूहळू अमोनिया करतात. त्याला दिवस लागतात. म्हणून मावशी मला ठासून सांगत होती की सोमवारी टाकला तेव्हा तर काहीच झालं नाही. ज्या कुणी हा मजकूर रचला त्याने बहुतेक हेच पाहिलं असणार, तिसऱ्या दिवशी मासे वर येतात, आणि त्याचा अर्थ नेमका उलटा लावला.

हिशेब करू. मावशीची मूठ मी तिच्याच स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजली, 50 ग्रॅम भरली. युरियात 46 टक्के नत्र, म्हणजे 23 ग्रॅम नत्र, 500 लिटर पाण्यात. सगळ्याचा अमोनिया झाला तर लिटरला 46 मिलिग्रॅम. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2013 साली गोड्या पाण्यातल्या जिवांसाठी अमोनियाच्या मर्यादा ठरवल्या: एका तासाच्या सरासरीने लिटरला 17 मिलिग्रॅम, 30 दिवसांच्या सरासरीने 1.9. त्यांचं मोजमापही नत्राच्याच हिशेबात आहे. कुणी म्हणेल, या मर्यादा शिंपल्यांसारख्या नाजूक जिवांना धरून कडक केल्या आहेत, गोल्डफिश जरा चिवट असतो. बरोबर आहे. पण त्या सामू (पीएच) 7 आणि पाणी 20 अंश धरून दिल्या आहेत. नागपुरात मे महिन्यात 20 अंशांचं पाणी फक्त फ्रिजात असतं.

सामूचा मुद्दा इथे कळीचा आहे. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो, एक माशाला सहन होणारं आणि एक विषारी. 30 अंशांच्या पाण्यात सामू 7 असेल तर विषारी वाटा जेमतेम एक टक्का. सामू 8 झाला की तो साडेसात टक्क्यांच्या आसपास जातो, 9 झाला तर 45 च्या घरात. मावशीच्या टाक्यात बोअरचं पाणी, सामू सव्वाआठच्या वर. भर दुपारी शेवाळ उन्हात कामाला लागलं की तो आणखी चढतो. सकाळी दहाला पाणी 32 अंश होतं. माझ्याकडच्या अमोनियाच्या किटमध्ये रंगपट्टीचा शेवटचा खण 8 मिलिग्रॅमचा आहे, नळीतला हिरवा रंग त्याच्याही पुढे गेला होता.

"मत्स्यशेतीवाले टाकतातच." हो, टाकतात. हे अर्धसत्य मला नाइलाजाने मान्य करावं लागतं. कटला-रोहूच्या तळ्यात वर्षाला हेक्टरी 200 किलोच्या आसपास युरिया हप्त्याहप्त्याने देतात. दहा हप्ते धरले तर एका वेळी 20 किलो, हेक्टरभर पसरलेलं, दीड मीटर खोल पाण्यात. हजार लिटरला सव्वा-दीड ग्रॅम पडतो. मावशीच्या टाक्यात पडला हजार लिटरला 100 ग्रॅम. सत्तर-पंचाहत्तर पट! शिवाय त्यांना पाणी मुद्दाम हिरवं करायचं असतं, कारण त्या हिरव्या पाण्यातल्या सूक्ष्म जिवांवर माशांचं पोट चालतं. आपल्याला टाक्यात तळ दिसायला हवा असतो. दोघांचं काम उलटं, मग औषध एक कसं?

खरं म्हणजे मासे असलेल्या टाक्यात नत्राची टंचाई क्वचितच असते. मासे दिवसभर कल्ल्यांतून अमोनियाच सोडत असतात, वर उरलेलं खाणं कुजतं ते वेगळं. अशा पाण्यात कमी पडतं ते पालाश आणि लोह. आणि नत्र जास्त झालं तर कमळ पानंच काढतं, कळी धरत नाही.

खिळ्यांवर फार वेळ घालवत नाही. नवीन पान पिवळं आणि शिरा हिरव्या, ही लोहाच्या कमतरतेची खूण खरी आहे. जुनी पानं आधी सरसकट पिवळी पडत असतील तर ती नत्राची. पण या फरकाबद्दल फॉरवर्डमध्ये अवाक्षर नाही, सगळ्या पिवळ्याला खिळेच. आपल्याकडच्या संत्रावाल्याला विचारा. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही झाडाला मिळत नाही, हे त्याला तोंडपाठ असतं. सामू चढा असला की तेच होतं. गंज त्या पाण्यात गंजच राहतो, झाडाला त्यातलं काहीच पोचत नाही. लोह चिलेट स्वरूपात, म्हणजे पाण्यात विरघळलेलं राहील असं बांधलेलं, लागतं, आणि तिथेही कृषी सेवा केंद्रातून येताना नाव वाचून आणा. ईडीटीए असलेलं सामू साडेसहाच्या वर ढिलं पडतं, डीटीपीए साडेसातपर्यंत टिकतं, आपल्या बोअरच्या पाण्याला ईडीडीएचए लागतं. त्याने पाणी लालसर दिसेल, घाबरायचं कारण नाही. हिराकस (फेरस सल्फेट) मात्र माशांच्या पाण्यात टाकू नका, ते पाण्यातला प्राणवायू खातं आणि त्याचा गाळ कल्ल्यांत बसतो.

एप्सम सॉल्ट? दोन चमच्यांनी मासे मरत नाहीत, आणि मॅग्नेशियम कमी असेल तर उपयोगही होतो. जड पाण्यात ते बहुधा आधीच असतं. पुढे.

मोरचूद ऐकलं की माझं डोकं उठतं. ते तांबं आहे. पाण्याची क्षारता (अल्कलिनिटी) मोजून, लिटरला मिलिग्रॅममध्ये जो आकडा येईल त्याला 100 ने भागून मात्रा काढतात, आणि क्षारता 50 च्या खाली असेल तर वापरतच नाहीत. "चिमूटभर" हे माप त्यात कुठे बसतं? गोगलगायी तर जातातच. आणि शेवाळ एकदम मेलं की ते कुजताना प्राणवायू ओढतं, म्हणजे मासे परत वर. मग पुन्हा खत लागू पडलं!

त्या सकाळी केलं ते इतकंच: उरलेले पाच मासे आदल्या दिवशी भरून ठेवलेल्या पाण्याच्या टबात काढले, एअर पंप लावला, खाणं बंद. टाक्यातलं अर्धं पाणी काढून नळाचं भरलं, क्लोरीन मारायला हायपोचे खडे घातले. संध्याकाळी पुन्हा अर्धं. असं चार दिवस, किटवर रंग उतरेपर्यंत. काढलेलं पाणी मावशीने वाया जाऊ दिलं नाही, थोडं थोडं करून मोगऱ्याला आणि कढीपत्त्याला घातलं. मोगरा मजेत आहे.

कमळाला खत द्यायचंच तर ते चिखलात द्या. हळूहळू सुटणारं खत कागदाच्या पुडीत बांधून कोंबापासून दूर, चार-पाच इंच खोल दाबायचं आणि वरून काळ्या मातीचा गोळा बसवायचा. काळी माती धरून ठेवते, पाण्यात फार सुटू देत नाही. थंडीत कमळ झोपलेलं असताना काहीच द्यायचं नाही. गप्पी मासे सोडलेली टाकी असेल तर आणखी जपा. ते मेले तर आठवड्याभरात डासांच्या अळ्या वळवळताना दिसतील.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. ज्या काकांनी फॉरवर्ड टाकला होता त्यांचं उत्तर आलं, "मूठ मोठी झाली असेल त्यांची."

आणि कमळ का फुलत नव्हतं? पाणी बदलता बदलता घामाने डोळे चुरचुरले म्हणून मी वर पाहिलं. मार्चपासून टाक्यावर दुहेरी हिरवी जाळी, माशांना ऊन लागू नये म्हणून. कमळाला रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतं, त्याला तीन महिने सावलीत ठेवलेलं. जाळी आता अर्धीच आहे, माशांच्या बाजूला. टबाच्या बाजूची काढली तेव्हा मावशी म्हणाली, "एवढंच होतं तर आधी नाही का सांगायचं?"