किंमत सांगायची तर पूर्ण सांगा

आज सकाळी फोनवर एक जाहिरात आली. किमतीचा आकडा जवळजवळ सगळा पडदा व्यापून बसला होता आणि त्याच्या डोक्यावर एक बारीकसा तारा होता. त्या ताऱ्याचा माग काढत पार तळाशी गेल्यावर फिकट करड्या अक्षरांत ‘कर अतिरिक्त’ हे दोन शब्द सापडले. संताप दिवसभर गेला नाही, म्हणून लिहितो आहे.

सामान्य ग्राहकासाठी केलेल्या जाहिरातीत जो आकडा सर्वांत ठळक असतो, तोच आकडा गल्ल्यावर मोजून द्यावा लागला पाहिजे. ‘मला कर नको’ असे म्हणण्याची सोय ग्राहकाला नसते. मग ज्या किमतीला ती वस्तू आपल्यापैकी कोणालाच मिळणार नाही, ती किंमत छापायची तरी कशासाठी?

आईच्या शिलाई मशीनची गोष्ट जवळच्यांना ठाऊक आहे, तरी पुन्हा सांगतो. तिने वर्तमानपत्रातली जाहिरात कापली, किमतीभोवती पेनाने गोल केला आणि ते कात्रण पैशांच्या पाकिटात ठेवले. पैसे तिचे स्वतःचे, हळूहळू बाजूला टाकलेले, बरोबर त्या आकड्याइतके. दुकानात बिल हातात आले तेव्हा ते पुरेनात. तिने कात्रण काढले, काउंटरवर तळहाताने सपाट केले आणि गोल केलेला आकडा दाखवला. त्यावर विक्रेत्याने पेनाच्या टोकाने चित्राखालची एक ओळ दाखवली. मुंगीच्या पायाएवढी अक्षरे होती ती. तो मुलगा उद्धट नव्हता, उलट ओशाळलाच होता. जाहिरात त्याने थोडीच लिहिली होती!

‘ओळ वाचायला हवी होती’ असे सांगणारे शहाणे लगेच भेटतात. ती वाचली जावी अशी इच्छा असती, तर ती त्या आकारात छापली असती का? माणूस किंमत पाहून मनाशी ठरवतो, दुकानापर्यंत जातो, वस्तू हाताळून पाहतो, घरात ती कुठे ठेवायची हेही ठरवून टाकतो आणि मगच त्याच्यापुढे कर येतो. तेव्हा चारचौघांत मागे फिरायची त्याला लाज वाटते, आणि या पद्धतीची सगळी मदार त्या लाजेवर आहे. जिने मला कधी पैसे मागितले नाहीत, त्या माझ्या आईला त्या दिवशी अनोळखी माणसांसमोर ते मागावे लागले. याला मी लबाडी म्हणतो. कोणाला सौम्य शब्द सुचत असेल तर त्याने तो खुशाल वापरावा.

हे विक्रेत्यांच्या सद्सद्विवेकावर सोडून चालत नाही, कारण जो प्रामाणिकपणे करासहित किंमत छापतो तोच शेजारच्यापेक्षा महाग दिसतो. नियम सर्वांना एकच हवा. युरोपीय संघाने १९९८ च्या निर्देशातच विक्री किंमत म्हणजे सर्व करांसह अंतिम किंमत, असे सांगून टाकले. भारतात पाकीटबंद वस्तूंवर कमाल किरकोळ किंमत सर्व करांसहितच छापावी लागते. जपानने एप्रिल २००४ पासून करासहित किंमत दाखवण्याची सक्ती केली, पुढे कराचा दर ५ वरून ८ आणि मग १० टक्के व्हायचा होता म्हणून ऑक्टोबर २०१३ पासून सवलत दिली, आणि १ एप्रिल २०२१ पासून ती सक्ती पुन्हा पूर्णपणे लागू केली. दर बदलला की प्रत्येक किमतीची चिठ्ठी बदलावी लागते, हे दुकानदारांचे दुखणे खोटे नाही, मान्य.

अमेरिकेत राज्यागणिक, शहरागणिक विक्रीकर वेगळा असतो, म्हणून तिथे एकच आकडा देशभर छापणे अवघड आहे, हेही मान्य करतो. पण त्याच देशात जानेवारी २०१२ पासून विमानभाड्याच्या जाहिरातीत करांसह पूर्ण भाडे द्यावे लागते. काही विमान कंपन्या त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या आणि हरल्या. मनात आणले तर जमते.

व्यापाऱ्याने व्यापाऱ्यासाठी केलेल्या जाहिरातीबद्दल माझी तक्रार नाही. त्यांना भरलेल्या कराची वजावट मिळते, त्यांनी कर वगळून बोलावे. राहिला ‘सरकार किती कर घेते ते लोकांना कळायला हवे’ हा मुद्दा, तर तो मलाही पटतो. बिलावर कर वेगळा दाखवा, आणि जाहिरातीतही पूर्ण किमतीखाली ‘यात कर इतका’ असे छापा, हवे तर त्याच बारीक अक्षरांत.

चिडून लिहायला बसलो होतो, आता राग थोडा निवळला आहे. आई हल्ली कुठलीही जाहिरात आवडली की आधी दुकानात फोन करते आणि ‘कर धरून किती पडेल?’ एवढेच विचारते. पलीकडून बहुतेक वेळा उत्तर येते, ‘थांबा हं काकू, विचारून सांगतो.’