खुलासा: लाल कल्ले म्हणजे शुद्ध मासा नव्हे

वडोदऱ्यातल्या आपल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'मासा तडफडत असेल, कल्ले लालभडक असतील, तर त्यात शिसं-पारा नाही. असलाच तर हळद-मीठ लावून उकळला की निघून जातो.' दांडिया बाजारातल्या माझ्या मावशीनेही तो मला पाठवला. कृपया पुढे ढकलू नका, दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

लाल कल्ले मासा ताजा असल्याची खूण, एवढंच. धातू थोडा असेल तर मासा मरत नाही, तो साठवतो. त्याच्या यकृतात आणि मूत्रपिंडात मेटॅलोथायोनीन नावाचं प्रथिन कॅडमियम या विषारी धातूला बांधून ठेवतं. म्हणूनच मासा धडधाकट दिसतो. आतून मात्र त्रास चालूच असतो: कॅडमियम कल्ल्यांतून कॅल्शियम घेण्याची वाट अडवतं, तांबं अंगातलं मीठ टिकू देत नाही, शिसं रक्त तयार होण्यात खोडा घालतं.

उकळण्याचं म्हणाल तर धातू हे जंतू नाहीत, आचेने मरायला. पारा मिथाइल रूपात (म्हणजे कार्बनशी जोडलेला) मांसाच्या प्रथिनांनाच चिकटलेला असतो. जपानमधल्या मिनामाटात 1956 साली उघडकीस आलेली विषबाधा अशाच मासळीतून झाली होती.

मासा साफ करताना कल्ले आणि यकृत टाका, पाठीच्या कण्यालगतची काळपट लाल पट्टी (तेच मूत्रपिंड) बोटाने खरवडून काढा. कॅडमियम, शिसं तिथे जास्त साठतं. पारा मात्र याने जात नाही. तो मरळीसारख्या शिकारी माशांत रोहूपेक्षा जास्त साठतो. कारखान्यांचं पाणी मिसळतं तिथली मासळी घेऊच नका, विशेषतः घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर.