सहा सेकंदांचा पाऊण तास

माझ्या राजाला विष कोणी घातले, हे गेल्या रविवारी राजा मरण्याआधीच आमच्या अख्ख्या वाड्याला कळले, आणि त्याचा राग अजून उतरलेला नाही.

मी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा खेळ चालवतो. चार खेळाडू एकेक पात्र घेतात, संकटात काय करणार ते सांगतात, यशापयश वीस बाजूंच्या फाशावर ठरते आणि उरलेले सगळे जग, म्हणजे राजे, राक्षस, हवामान, चहा आणि वेफर्स, एकट्या डंजन मास्टरने, म्हणजे मी, पुरवायचे असते. या राजाच्या मृत्यूसाठी मी तीन आठवडे कागद काळे केले होते. खिडक्या लावल्या, मेणबत्ती पेटवली आणि भुयारात पाणी ठिबकत असल्याचा आवाज स्पीकरवर लावला. गोव्यात, फोंड्यात, एवढी सिद्धता केली की पाव विकणारा पोदेर येतो. त्याच्या भोंग्याबद्दल माझी तक्रार नाही. तो उंडे देतो आणि जातो. नाना जात नाहीत.

नाना आमचे शेजारी. देवळातल्या उत्सवी नाटकांना त्यांनी चाळीस वर्षे प्रॉम्प्टिंग केले. आमच्याकडे दार वाजवून येण्याची पद्धत नसल्यामुळे ते थेट आत आले, काळोखात क्षणभर थांबले आणि “नळ कोणें उक्तो दवरला रे?” असे म्हणत स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि परसातली टाकी तपासून आले. माझ्या ध्वनियोजनेने एका माणसाला तरी पुरते फसवले, याचा खरे तर मला आनंद व्हायला हवा होता. पण तोवर आई मोटर बंद करायला धावली होती आणि भुयारातल्या चौघांपैकी दोघांनी मोबाइल काढले होते.

“तालीम की प्रयोग?” खुर्ची ओढत नानांनी विचारले. (बोलणे कोंकणीत झाले, इथे मराठीत देतो.)

“प्रयोगच म्हणा.”

“मग प्रेक्षक कुठे?”

“प्रेक्षक नसतात, नाना. आम्हीच करायचे आणि आम्हीच पाहायचे.”

“आणि संहिता?”

“तीही नसते. सुचेल तसे बोलायचे.”

देव नसलेल्या देवळातून पालखी निघालेली पाहावी, तसा भाव नानांच्या चेहऱ्यावर उमटला. खेळाची इभ्रत राखण्यासाठी मी सांगितले की, हा पोरखेळ नव्हे. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ साली काढला आणि तेव्हापासून तो चालूच आहे.

“चौऱ्याहत्तरपासून?” नाना म्हणाले. “आणि अजून पाठांतर झाले नाही?”

मग त्यांनी पात्रांची चौकशी आरंभली. चोरट्या पावलांनी वावरणाऱ्या चपळ पात्राला या खेळात ‘रोग’ म्हणतात, आणि ते पात्र आमच्यातल्या दंतवैद्याकडे आहे. “मी रोग,” त्याने अभिमानाने सांगितले. नानांनी त्याला आपादमस्तक न्याहाळले. “दवाखान्यात हे बोलू नकोस हो बाबा.”

एव्हाना लढाई सुरू झाली होती. नियमाप्रमाणे लढाईची एक फेरी म्हणजे कथेतले सुमारे सहा सेकंद. आमच्या विझर्डने, म्हणजे जादूगाराने, मंत्र म्हणून अग्निगोळा फेकला. त्याच्या इजेचे फासे आठ, आणि २०१४ च्या आवृत्तीतल्या साध्या गोब्लिनचा, म्हणजे बुटक्या राक्षसाचा, जीव सात गुणांचा. तेव्हा बचाव हुकलेला गोब्लिन मेलाच, कारण आठ फाशांवर आठाहून कमी पडूच शकत नाही, हे मी वर्षभर सांगत आलो आहे. तरीही बँकेत नोकरीला असलेले आमचे विझर्ड बोट लावून बेरीज करतात, पुन्हा ताळा करतात, आणि एखादा फासा कपाटाखाली गेला तर आठही नव्याने टाकतात. तोवर खांबाआडच्या गोब्लिनला आग लागते का, हे योद्धा पुस्तकात शोधत बसतो. आग कोपऱ्यांभोवती वळून पसरते, हे त्याच मंत्राखाली छापलेले असताना! आणि रोग क्रिकेट पाहता पाहता “माझी पाळी आली का?” असे विचारत राहतो. इथे मला विनोद सुचत नाही. दिवसभर नोकरी करून रात्री जागून यांच्यासाठी राज्ये वसवायची, आणि यांना आपल्या पात्राला काय येते एवढेही वाचून येता येऊ नये?

“लढाईला किती वेळ झाला म्हणालास?” नानांनी विचारले.

“सहा सेकंद.”

नानांनी मनगट मेणबत्तीजवळ नेले. “पाऊण तास.”

त्यानंतर जो थांबेल त्याच्यावर ते “वाक्य घे! वाक्य घे!” असे खेकसू लागले, आणि वर्षभरात माझे एक न ऐकलेल्या या मंडळींनी दुसरी फेरी सात मिनिटांत संपवली.

माझ्यापुढे पुठ्ठ्याचा पडदा असतो आणि त्यामागे माझी गुपिते असतात. प्रॉम्प्टरची जागा पडद्यामागेच, या न्यायाने नाना आता माझ्या पाठीशी येऊन बसले होते. अखेर राजा कोसळला आणि मी थांबलो. तो विराम मी मोजूनमापून ठेवला होता: राजाचे ओठ हलतात, शब्द फुटत नाही, आणि खुनी कोण हे गूढ मला पुढच्या चार बैठकांना पुरते. पण नानांच्या लेखी विराम म्हणजे विसरलेले वाक्य. माझ्या खांद्यावरून कागदावर वाकून, मंडपाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचणाऱ्या आपल्या कुजबुजीत ते म्हणाले, “‘प्रधानानेच विष घातले!’ बोल, बोल!”

“कोणी घातले?” असे पलीकडच्या घरातून कोणीतरी विचारले.

रोगाने मोबाइल पालथा ठेवला. चौघेही उभे राहिले, प्रधानाच्या मागे धावले, आणि रात्री दहापर्यंत कोणी पुस्तक उघडले नाही की बेरजेचा ताळा केला नाही. निघताना इतकी मजा कधीच आली नव्हती असे तिघांनी सांगितले, ते नानांना. चौथा त्यांच्या पाया पडला. वेफर्सच्या रिकाम्या पिशव्या मी गोळा केल्या.

सोमवारी सकाळी ब्रश तोंडात असतानाच कुंपणापलीकडून हाक आली.

“पुढचे कागद आजच देऊन ठेव. आणि अक्षर जरा मोठे काढ. काल ‘प्रधान’ वाचायला मला त्रास झाला.”