आधी बोलू तर द्या

माझी भाची पुण्यात एका आयटी कंपनीत आहे. तिच्या टीमला मध्यंतरी 'उत्तम श्रोता कसं व्हावं' याचं ट्रेनिंग झालं. समोरच्याच्या डोळ्यांत बघा, मान डोलवा, थोडं पुढे झुका, त्याचंच म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगा. तेव्हापासून तिचा मॅनेजर प्रत्येक गोष्टीला "म्हणजे तुला असं म्हणायचंय की..." अशी सुरुवात करतो. साधी रजा मागितली तरी. भाची म्हणते, "मावशी, आधी तो ऐकत नाही हे निदान कळायचं तरी!"

मला हे नाटक पटत नाही. बरीच वर्षं तालुक्याच्या गावात दवाखाना चालवतेय, दिवसभर माणसांचं ऐकणं हाच धंदा. त्यावरून माझं मत असं झालंय की ऐकायची इच्छा बहुतेकांना असते, पण उत्तर द्यायची घाई तिला खाऊन टाकते. यात आम्ही डॉक्टर मंडळी सगळ्यात पुढे. 1984 साली अमेरिकेत हॉवर्ड बेकमन आणि रिचर्ड फ्रँकेल या दोघांनी डॉक्टर-पेशंटच्या 74 भेटींची रेकॉर्डिंग्ज तपासली. पेशंटने तोंड उघडल्यापासून सरासरी 18 सेकंदांत डॉक्टरने त्याला तोडलेलं होतं. सुरुवातीचं म्हणणं पूर्ण मांडता आलं फक्त 23 टक्के भेटींत. आमच्या भागातल्या ओपीडीत कुणी घड्याळ लावून बसलं तर काय निघेल, ते न बोललेलंच बरं.

तोडणं म्हणजे खेकसणं नव्हे हं. बहुतेक वेळा ते अगदी शहाण्यासारखं दिसतं. बाई म्हणतात, "पोटात जळजळतं हो." डॉक्टर लगेच विचारणार, "तिखट खाता का? जेवणाच्या वेळा पाळता का?" प्रश्न बरोबरच आहेत. पण गाडी आता मिरचीच्या ठेच्यावर गेली, तिथून चहावर, तिथून रात्रीच्या उशिराच्या जेवणावर. गोळ्या लिहून होतात, बाई पिशवी उचलून निघतात. आणि दाराशी एक पाय चपलेत घालून, भिंतीला हात टेकून म्हणतात, "डॉक्टर, अजून एक विचारायचं होतं. जिना चढताना छातीत भरून येतं, थांबलं की बरं वाटतं. ते पित्तानंच ना?" ज्याच्यासाठी बाई घरातलं काम टाकून आल्या होत्या, ते हे! आता त्यांना परत आत बसवायचं, ईसीजी काढायचा. दाराशी थांबायचं त्यांना सुचलं नसतं तर त्या पित्ताच्या गोळ्या घेऊन घरी गेल्या असत्या.

माणूस भीतीची गोष्ट आधी सांगत नाही. आधी सोपं काहीतरी पुढे करतो, समोरचा कसा घेतो ते बघतो, मग आत उतरतो. घरीही हेच. सासूबाईंचा फोन येतो, "काही नाही गं, सहजच केला." मग पाऊसपाणी, शेजारचं लग्न, गॅसचा नंबर. कामात असलेली सून तेवढ्यात "बरं आई, रात्री बोलू" म्हणून मोकळी होते. सासरे दोन दिवस नीट जेवले नाहीत हे त्यानंतरच्या वाक्यात येणार होतं.

यात फक्त स्वभावाचा दोष नाही, म्हणून 'मन लावून ऐका' या उपदेशाचा फारसा उपयोग होत नाही. 2009 मध्ये जपानीपासून डॅनिशपर्यंत दहा भाषांमधल्या बोलण्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात सरासरी 200 मिलिसेकंदांच्या आसपास अंतर पडतं, भाषेगणिक थोडं कमीजास्त. आणि साधा एक शब्द मनात जुळवून ओठांवर आणायलाच जवळजवळ 600 मिलिसेकंद लागतात. हिशेब करा. समोरचा बोलत असतानाच आपलं उत्तर शिजायला लागलेलं असतं. ते सगळ्यांचंच शिजतं, तुमचं आणि माझंही. फक्त ते लगेच वाढायचं नाही, एवढंच आपल्या हातात आहे.

त्यासाठी मी दोनच गोष्टी पाळते. पेशंट बोलत असेपर्यंत पेन केसपेपरवर टेकवायचं नाही, कारण लिहायला लागले की मी मनात निदान करून मोकळी झालेली असते. आणि तो थांबला की आणखी जरासं थांबायचं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी 1970 च्या दशकात शाळांच्या वर्गांत हेच पाहिलं होतं. शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम सेकंदभर थांबायचे. ती वाट तीन सेकंदांवर नेली तर मुलांची उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलायला लागली. तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात. मीटिंगमध्ये थांबून बघा, कुणीतरी खुर्ची सरकवतं, कुणी घसा खाकरतं.

मीटिंगवरून आठवलं. नोकरीच्या ठिकाणी घाईत आणखी एक गोष्ट मिसळते, ती म्हणजे हुद्दा. साहेबाचं सगळे ऐकतात. साहेबाने कुणाचं ऐकायचं, हे कुठल्याच नियमात लिहिलेलं नसतं. 27 मार्च 1977 ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर दाट धुकं होतं. केएलएम या डच कंपनीचं जंबो विमान धावपट्टीवर धावायला लागलं होतं, आणि त्याच धावपट्टीवर पॅन अ‍ॅम या अमेरिकन कंपनीचं विमान अजून होतं. कॉकपिटमधल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली, त्याने विचारलं की ते पॅन अ‍ॅमचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालेलं नाही का? कॅप्टन म्हणाला, झालंय की. ठामपणे. कॅप्टन कंपनीतला ज्येष्ठ, नव्या वैमानिकांना शिकवणारा. विषय तिथेच संपला. काही सेकंदांत दोन्ही विमानं धडकली आणि 583 माणसं गेली. धुकं, रेडिओवरचे अर्धवट संदेश, उशीर झाल्याची चिडचिड, अशी कारणं बरीच होती. पण शंका बोलून दाखवली गेली होती आणि ती ऐकणाऱ्याच्या कानांपर्यंत पोचलीही होती, हे मला सगळ्यात अस्वस्थ करतं. पुढच्या वर्षांत विमान कंपन्यांनी कॅप्टनना कनिष्ठांचं ऐकायला आणि कनिष्ठांना स्पष्ट बोलायला रीतसर शिकवायला घेतलं.

आपल्याकडचा कनिष्ठ तर शंका प्रश्नाच्या रूपातही आणत नाही. "सर, तसं काही नाही, पण..." म्हणतो आणि सरांच्या चेहऱ्याकडे बघून "नाही, होऊन जाईल" वर येतो. त्या 'पण'पाशी थांबून "बोल ना, काय?" म्हणणारा साहेब मला क्वचित दिसलाय.

"बाकी सगळं ठीक ना?" असं विचारणाऱ्यांचाही मला राग येतो. त्या प्रश्नाला 'हो' सोडून उत्तर द्यायला माणूस वाघाच्या काळजाचा लागतो. त्यापेक्षा "अजून काय होतंय?" विचारा. आणि कुणी आईच्या आजारपणाचं सांगत असेल तर "अरे, माझ्या आईचं पण सेम!" म्हणून आपली फाइल उघडू नका. सहानुभूती म्हणूनच करतो आपण ते, मान्य. पण पाच मिनिटांनी तोच बिचारा आपली विचारपूस करत बसलेला असतो.

माझे डॉक्टर मित्र म्हणतात, बाहेर साठ पेशंट ताटकळलेत, एवढं ऐकायला वेळ कुठून आणू? स्वित्झर्लंडमध्ये बासेलच्या विद्यापीठ रुग्णालयात हे मोजून पाहिलंय, 2002 मध्ये प्रसिद्ध झालं. 335 पेशंटना मध्ये न तोडता बोलू दिलं. सरासरी 92 सेकंद बोलले. 78 टक्के पेशंट दोन मिनिटांच्या आत आपणहून थांबले. पाच मिनिटांच्या पुढे गेले फक्त सात जण.

ते सात जण मात्र माझ्याकडे नेमके सोमवारी येतात. त्यांना मी सरळ सांगते, "आजोबा, सुनेचं आपण गुरुवारी दुपारी निवांत बोलू, तेव्हा गर्दी नसते. आज साखरेचं बघू." रागावत नाहीत. गुरुवारी येतात, फाइल न घेता.